मांजराचा जीपीएस पट्टा: घ्यावा का, आणि घेतला तर बोक्याला बाहेर सोडावं का

आधी निकाल सांगून टाकते कारण रिव्ह्यू वाचणारे अर्धे लोक तेवढंच बघून पुढे जातात. पट्टा चांगला आहे, जे दाखवतो ते बऱ्यापैकी खरं दाखवतो, आणि आमच्या बोक्याने तो फार नाटकं न करता घालून घेतला. पण "हा बांधला की मांजर बिनधास्त बाहेर सोडता येईल" असं मनात धरून घेणार असाल तर राहू द्या, ते काम ह्याचं नाहीच. थर्मामीटर लावून ताप उतरत नाही, किती आहे तेवढं कळतं, तसंच आहे हे.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, एक तर ह्या प्रकारातले बरेचसे पट्टे एकाच पद्धतीने चालतात, आणि दुसरं म्हणजे खाली दोन-तीन तक्रारी आहेत आणि मला कोणाशी भांडायचं नाहीये.

आता हा घेतला का ते. आमचा बंड्या तीनेक वर्षांचा, नसबंदी झालेला, वजन चार किलोच्या थोडं वर. लहानपणापासून स्वयंपाकघराच्या खिडकीतून ये-जा करायचा. घरात ह्यावरून सरळ दोन पक्ष. आई म्हणायची, "अगं मांजर आहे ते, फिरणारच, चार भिंतीत कोंडून वेडं होईल." आणि मी रात्री अकरानंतर तो आला नाही की खिडकीशी जाऊन चक चक करत बसणारी. नवरा दोन्हीकडे मान हलवायचा. दर आठवड्याला तोच वाद आणि दोघींकडेही पुरावा काहीच नाही, कारण तो बाहेर जाऊन करतो काय हेच कोणाला माहीत नव्हतं. म्हणून म्हटलं निदान माहिती तरी काढू.

पट्टा चालतो कसा ते थोडक्यात, कारण ह्यात लोकांचा हमखास घोळ होतो. साधारण २०,२०० किलोमीटर वर फिरणाऱ्या उपग्रहांचे सिग्नल पट्ट्यातली डबी पकडते आणि त्यावरून स्वतःची जागा काढते, पण ती जागा तुमच्या फोनपर्यंत पोचवायला डबीत सिमकार्ड असतं आणि ते मोबाईल नेटवर्क वापरतं, म्हणूनच डबी विकत घेऊन भागत नाही, वर सबस्क्रिप्शनही भरावं लागतं. नेटवर्क गेलं की डबीला स्वतःची जागा माहीत असते पण तुम्हाला ती सांगता येत नाही. चाव्यांना लावतात ते छोटे ब्लूटूथ टॅग वेगळे, त्यात जीपीएस नसतोच, आसपास कोणाचा तरी चालणारा फोन गेला तरच ते कळवतात, त्यामुळे मांजर जिथे माणसं नाहीत अशा ठिकाणी जाऊन बसलं की टॅग गप्प. आणि मायक्रोचिप तर तिसरीच गोष्ट. मला किमान चार जणांनी विचारलं की "चिप आहे ना त्याला, मग हा पट्टा कशाला?" अहो चिपला बॅटरी नसते, ती तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि कोणीतरी मांजर पकडून स्कॅनर फिरवला तर फक्त १५ आकडी नंबर सांगते. चिप कुठे आहे ते जगातल्या कुठल्याही ॲपवर दिसत नाही. तरी चिप बसवाच, कारण पट्टा पडू शकतो, चिप पडत नाही. इंग्लंडमध्ये तर जून २०२४ पासून पाळीव मांजराला २० आठवड्यांचं व्हायच्या आत चिप बसवणं कायद्यानेच सक्तीचं आहे.

बॉक्स उघडल्यावरची पहिली तक्रार. डबी छान, हलकी, तीसेक ग्रॅमची, कडा गोल केलेल्या, पाण्याने बिघडत नाही (बंड्या भिजून आला तेव्हा आपोआप टेस्ट झाली). पण तिच्याबरोबर जो गळपट्टा दिला होता त्याचं बक्कल साधं, बॅगेला असतं तसं. मी दोन्ही हातांनी ओढून बघितलं, सुटेना. हे मांजरासाठी चालत नाही. कुत्र्याचं ठीक आहे, मांजर झाडात शिरतं, कुंपणाखालून जातं, पट्टा फांदीला अडकला की लटकणार, किंवा पट्टा सैल असेल तर पुढचा पाय त्यात घुसून काखेत रुतणार, कधी चाटता चाटता खालचा जबडाच अडकतो. त्यामुळे जोर पडला की आपोआप सुटणारं बक्कलच हवं. मी तसा वेगळा पट्टा आणला आणि डबी त्यावर चढवली. बांधताना पट्टा आणि मान ह्यात एक-दोन बोटं जेमतेम गेली पाहिजेत, त्याहून सैल नको. आता सुटणारं बक्कल म्हटलं की डबी कधीतरी कुठेतरी पडणार हे आलंच, आमची एकदा पडली, पार्किंगमधल्या एका गाडीखाली सापडली. डबी गेली तर चालेल, मांजर लटकलं तर नाही. कंपनीला मेल टाकला होता, उत्तर आलं की "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे". असो.

बॅटरी. बॉक्सवर जे लिहिलंय त्यावर जाऊ नका. घरच्या वायफायच्या टप्प्यात असताना डबी झोपते आणि बॅटरी वाचवते, त्यामुळे घरबशा मांजरावर ती बरेच दिवस टिकते, पण मग घरबशा मांजराला पट्टा हवाय कशाला. भटक्यावर दोन-तीन दिवसांत चार्जिंग. आणि लाईव्ह मोड म्हणून आहे त्यात दर काही सेकंदाला जागा दिसते, तो चालू ठेवला की डोळ्यांदेखत टक्के उतरतात. पहिल्या आठवड्यात मी ऑफिसमध्ये मीटिंग चालू असताना टेबलाखाली फोन धरून बोका बघत बसायचे, संध्याकाळी नेमका तो आला नाही तेव्हा डबी मेलेली.

अचूकपणा मोकळ्यावर मस्त, काही मीटरचा फरक. इमारतींच्या मधे मात्र बोंब. सिग्नल भिंतींवर आपटून येतो, त्यामुळे ठिपका इकडेतिकडे उड्या मारतो. एकदा रात्री ॲपने बंड्याला रस्त्याच्या अगदी मधोमध दाखवलं, आणि ठिपका हलेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. माझे हातपाय गार. नवरा टॉर्च घेऊन चपला न घालताच खाली पळाला, मी जिन्यात, आई वरून ओरडतेय की "अगं इथे आहे, इथे आहे". कपाटात, हिवाळ्याच्या रजयांवर, पोट वर करून. कपाटातून उपग्रहाचा सिग्नल नीट येत नव्हता, वायफाय त्याच दिवशी बंद पडलेलं, म्हणून डबीने जमेल तसा अंदाज ठोकला होता. तेव्हा एक ठिपका बघून घाबरायचं नाही, चार-पाच ठिपके एका ओळीत आले तरच खरं मानायचं. ॲपमध्ये हे कुठेही लिहिलेलं नाही, लिहायला हवं.

आता मुख्य भाग.

पट्टा लावायच्या आधी माझी समजूत अशी की बंड्या दिवसभर कुठेतरी लांब जातो. आईची समजूत अशी की तो गच्चीवर झोपतो, कुठ्ठे जात नाही. ॲपमध्ये नकाशावर रंगांचा थर दिसतो, जिथे जास्त वेळ तिथे लाल, कमी तिथे निळा. काही आठवड्यांचा मिळून तो नकाशा आम्ही जेवणाच्या टेबलावर बघितला आणि सगळे गप्प. खाली मुंडी पाताळ धुंडी म्हणतात ना, त्यातला प्रकार. दिवसा जवळजवळ सगळा वेळ पार्किंगमध्ये, गाड्यांच्या खाली. दुपारी एका घरी, जिथे त्याला दुसऱ्याच नावाने हाक मारतात आणि खायला घालतात हे नंतर चौकशी केल्यावर कळलं (वजन का वाढतंय ह्याचा शोध आम्ही उगाच स्वयंपाकघरात घेत होतो). आणि पहाटे, चार ते सहाच्या मधे, ठिपक्यांची एक स्वच्छ सरळ ओळ, समोरचा रस्ता ओलांडून पलीकडच्या कचऱ्याच्या डब्यांपर्यंत आणि परत. एक दिवस नाही, बहुतेक रोज. मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त फिरतं हे वाचलेलं होतं, पण वाचणं वेगळं आणि आपल्या बोक्याची ओळ रस्ता कापताना बघणं वेगळं.

आणि ह्यात लांब जाणं म्हणाल तर काहीच नाही. हे सगळं घरापासून शंभरेक मीटरच्या आत. ह्यावर मोठा अभ्यास झालेलाच आहे, रोलँड केज ह्या शास्त्रज्ञाच्या टीमने सहा देशांतल्या ९२५ पाळीव मांजरांना जीपीएस लावला होता, २०२० साली तो छापून आला. सरासरी वावर ३.६ हेक्टरचा निघाला आणि बहुतेक मांजरं घरापासून शंभर मीटरच्या आतबाहेरच घुटमळत होती. हे वाचून आई खूश झाली, "बघ, मी म्हटलं होतं ना, जवळच असतो". जवळच असतो हे खरंच आहे. पण आमचा रस्ता त्या शंभर मीटरच्या आतच आहे ना, कचऱ्याचे डबे त्यातच आहेत, आणि त्या डब्यांच्या मागे उंदरांसाठी ठेवलेल्या विषाच्या पेट्याही त्यातच आहेत. तेव्हा तुमचं मांजर किती लांब जातं ह्यावर डोकं खाजवण्यापेक्षा त्या शंभर मीटरमध्ये आहे काय ते पायी फिरून बघा. मी फिरले. नकाशावरची लाल जागा हातात फोन धरून एकेक बघितली. एखाद्याच्या शंभर मीटरमध्ये शेत आणि विहीर निघेल, एखाद्याच्या चारपदरी रस्ता, एखाद्याच्या बांधून न ठेवलेले कुत्रे, आणि त्याप्रमाणे उत्तरही वेगळं निघेल, त्यात लाजायचं काही नाही.

विषाच्या पेट्यांबद्दल एक, कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ते विष मांजराने थेट खायची गरज नसते, विष खाल्लेला उंदीर खाल्ला तरी पोटात जाऊ शकतं. त्यातली बरीचशी विषं रक्त गोठू देत नाहीत, आणि त्याचा परिणाम लगेच दिसत नाही, काही दिवसांनी मांजर मलूल, हिरड्या पांढऱ्या, धाप. त्यावर व्हिटॅमिन के१ चा उपचार आहे पण वेळेत डॉक्टरकडे पोचलात तर. पट्ट्यावर ह्यातलं काय दिसेल? मांजर डब्यांपाशी वीस मिनिटं होतं, एवढंच.

तीच गत मारामारीची. एक दिवस बंड्या शेपटीच्या मुळाशी हात लावू देईना. डॉक्टरांनी केस काढले तर दोन बारीक भोकं, दाताची, आणि आत पू. मांजराच्या चाव्याची जखम वरून टाचणीएवढी दिसते आणि लगेच मिटते, जंतू आत राहून गळू होतं. आणि त्या रात्रीचं ॲप उघडलं तर काय, "अभिनंदन! आज बंड्याने हालचालीचं लक्ष्य पूर्ण केलं", वर फटाके उडतायत. मी इतकी चिडले की ते नोटिफिकेशन कायमचं बंद केलं. डॉक्टरांनी मग एफआयव्हीची (मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या व्हायरसची) टेस्ट करायला लावली, कारण तो व्हायरस मुख्यतः चाव्यातूनच पसरतो आणि एकदा झाला की आयुष्यभर राहतो. टेस्ट निगेटिव्ह आली, पण चावल्यावर लगेच केलेल्या टेस्टमध्ये तो दिसेलच असं नसतं, म्हणून साधारण ६० दिवसांनी परत करायची असते. तीही निगेटिव्ह. तोपर्यंत आईचा पक्ष जरा नरम झाला होता.

शिकारीचा मुद्दा आमच्या वादात आधी नव्हताच, तो नवऱ्याने आणला. तो कधी नव्हे ते बोलला की "त्याचं काय होईल हेच बोलताय दोघी, तो दुसऱ्यांचं काय करतो ते?" आणि खरं सांगायचं तर बंड्या घरी फार काही आणत नाही, कधी पाल, कधी उंदीर, एकदा बुलबुल, म्हणून आम्ही त्याला साधा समजत होतो. पण अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठ आणि नॅशनल जिओग्राफिकने मिळून ५५ पाळीव मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे बांधले होते, त्यात ४४ टक्के मांजरं शिकार करताना दिसली आणि मारलेल्यापैकी घरी आणलेलं फक्त २३ टक्के. म्हणजे दारात दिसतं ते पावशेर. २०१३ सालचा एक अंदाज तर असा आहे की एकट्या अमेरिकेत मांजरं वर्षाला १३० कोटी ते ४०० कोटी पक्षी मारतात, आता ह्यात मोठा वाटा बेवारस मांजरांचा आहे हे त्याच अभ्यासात म्हटलंय, त्यामुळे सगळं पाळीववाल्यांच्या माथी मारू नका, पण आपला वाटा शून्य नाही.

ह्यावर लोक लगेच घुंगरू सुचवतात. इंग्लंडमध्ये एक्सेटर विद्यापीठाने २०२१ मध्ये ह्याचीच परीक्षा घेतली. घुंगराने काही फरक पडल्याचं दिसलं नाही. उंदरांची ती मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची सभा फुकटच गेली म्हणायची, आणि बांधणारा मिळाला असता तरी! फरक पडला तो भरपूर मांस असलेल्या, धान्य नसलेल्या खाण्याने, घरी आणलेली शिकार ३६ टक्के कमी झाली, आणि दिवसातून फक्त ५ ते १० मिनिटं मांजराशी शिकारीसारखं खेळल्याने २५ टक्के कमी. गळ्याभोवती रंगीबेरंगी कापडी कॉलर घातली तर पक्षी ४२ टक्के कमी पण उंदरांना त्याचा उपयोग नाही, कारण पक्ष्यांना रंग दिसतात. ती कॉलर आम्ही घातली होती, दिसतो सर्कशीतल्या विदूषकासारखा, आणि त्याने ती पहिल्याच दिवशी कुठेतरी टाकून दिली.

काही ठिकाणी तर सरकारांनीच हात घातलाय. जर्मनीत वॉलडॉर्फ नावाच्या गावात २०२२ मध्ये फर्मान निघालं की विणीच्या हंगामात मांजरं घरात ठेवा, कारण तिथे जमिनीवर घरटं करणाऱ्या तुरेवाल्या चंडोलांच्या अगदी थोड्या जोड्या उरल्या होत्या. ऑस्ट्रेलियात कॅनबेरामध्ये जुलै २०२२ पासून पुढे जन्मलेल्या सगळ्या मांजरांना घरात किंवा बंदिस्त जागेतच ठेवायचा नियम आहे. ह्याउलट ब्रिटनमध्ये बहुतेक लोकांना मांजर बाहेर जाणारच हे गृहीत वाटतं, दाराला त्याच्यासाठी छोटी झडप असते. तेव्हा तुम्ही सोडता म्हणून कोणी राक्षस म्हणत असेल किंवा सोडत नाही म्हणून कोणी तुरुंगाधिकारी म्हणत असेल तर दोघांनाही हसून सोडून द्या.

आईचं म्हणणं सगळं उडवून लावण्यासारखं नव्हतं हेही लिहिते. माणसाजवळ मांजर आलं तेच मुळी धान्यावर उंदीर आले म्हणून, दहाएक हजार वर्षांपूर्वी, सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलंय ते साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं आहे. एवढा काळ दाराबाहेर काम करणारा प्राणी आपण गेल्या काही दशकांत सोफ्यावर आणून बसवला. नुसतं दार लावून घेतलं की तो जाड होतो, कंटाळतो, फर्निचर फाडतो, आणि घरातच राहणाऱ्या मांजरांमध्ये ताणामुळे मूत्राशयाला सूज यायचं प्रमाण जास्त दिसतं, लघवीला सारखं जातो आणि होत नाही असं दिसलं तर बोक्याच्या बाबतीत तो तातडीचा मामला असतो, सकाळपर्यंत थांबायचं नाही. म्हणजे घरात ठेवायचं ठरवलं तर घरात त्याला काहीतरी उद्योग द्यावा लागतो.

आम्ही जे केलं ते असं. पहिलं, बाल्कनीला आणि त्या खिडकीला जाळी. इथे एक लोकप्रिय थाप आहे की मांजर कितीही उंचावरून पडलं तरी चार पायांवर उतरतं आणि काही होत नाही. ह्याचं मूळ न्यूयॉर्कच्या एका प्राण्यांच्या दवाखान्याच्या १९८७ सालच्या अभ्यासात आहे, उंच इमारतींवरून पडलेली १३२ मांजरं तिथे आली आणि ९० टक्के वाचली. पण जी जागीच मेली ती दवाखान्यात कोण नेणार, ती त्यात मोजलीच गेलेली नाहीत, आणि वाचलेल्यांच्याही छातीला मार, जबडा आणि टाळू फाटलेलं, पाय मोडलेले होते. तेव्हा जाळी लावा. जाळी घेताना भोकातून त्याचं डोकं जात नाही ना एवढं बघा, कारण मांजराचं खांद्याचं हाड सुटं असतं, डोकं गेलं की बाकीचा ऐवज मागोमाग जातो. कडेचे हूक हाताने हिसडून बघा, आमच्याकडे पहिल्यांदा एका कोपऱ्यात फट राहिलेली, बंड्याने लावणारा माणूस जिना उतरायच्या आत ती शोधली.

मग उंच जागा. पुस्तकांच्या कपाटावरचा माळा रिकामा करून दिला, खिडकीशी एक फळी ठोकली जिथून खालचं सगळं दिसतं. खाणं बशीत न देता थोडं थोडं लपवून. आणि रात्रीचा खेळ. सुरुवातीचे दिवस वाईट होते, खोटं कशाला सांगू, चार वाजता खिडकीशी जाऊन जो काही सूर लावायचा, त्याला त्याची ती ओळ चालायची होती. आम्ही उठून खिडकी उघडली नाही, आणि ओरडल्यावर खायलाही दिलं नाही, कारण एकदा दिलं की तो ओरडायचाच नियम करणार. रात्री झोपायच्या आधी दोरीला पीस बांधून धावडवायचं, दमेपर्यंत, शेवटी ते पीस त्याला खरंच पकडू द्यायचं, आणि लगेच खायला. हा क्रम महत्त्वाचा आहे, शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप. हळूहळू सूर कमी झाला. संपला असं म्हणत नाही, पावसाळी पहाटे अजून लावतो. आई आता त्या फळीशेजारी खुर्ची टाकून बसते आणि दोघं मिळून खाली कोण आलं कोण गेलं ते बघतात.

हार्नेस (छातीभोवती बांधायचा, दोरी लावलेला पट्टा) घालून बाहेर नेणं हे सगळ्यात करमणुकीचं. पहिल्यांदा घातला तर हा आडवा, मेल्यासारखा, एक पाय वर. घरातच थोडा थोडा वेळ घालून, प्रत्येक वेळी खाऊ देऊन सवय करावी लागते, बाहेरचं नंतर. आता तो पार्किंगपर्यंत येतो, म्हणजे मी त्याच्या मागे जाते. आणि जीपीएसची डबी आधी मी हार्नेसलाच लावायचे. मांजर घाबरलं की मागे सरकत हार्नेसमधून शिताफीने निसटतं, आणि डबी हार्नेसबरोबर तुमच्याच हातात राहते, मग उपयोग काय, हे नवऱ्याने विचारलं आणि बरोबर विचारलं. म्हणून बाहेर नेताना डबी सुटणाऱ्या गळपट्ट्यावर आणि हार्नेस वेगळा. 

हा उपयोग मला ह्या वस्तूचा खरा वाटतो, घरात राहणारं मांजर चुकून निसटलं तर. अशी मांजरं सहसा लांब पळत नाहीत, घाबरून जवळच कुठेतरी दबून बसतात आणि हाक मारली तरी आवाज देत नाहीत. हरवलेल्या मांजरांच्या एका २०१८ सालच्या अभ्यासात, जी सापडली त्यातली तीन चतुर्थांश घरापासून ५०० मीटरच्या आतच सापडली होती. तेव्हा ठिपका दहा मीटर इकडेतिकडे असला तरी कुठल्या इमारतीच्या तळाशी शोधायचं एवढं कळतं, आणि डबीतला बारीक आवाज वाजवायचं बटण आहे ते अशा वेळी कामाला येतं. मांजरांना आपल्यापेक्षा खूपच चांगलं ऐकू येतं, त्यामुळे बंड्या त्या आवाजाने दचकायचा, मी आवाज आणि खाऊ अशी जोडी लावून दिली, आता आवाज झाला की धावत येतो. कंपनीला हे सुचलेलं नाही, मॅन्युअलमध्ये तो आवाज फक्त माणसाला डबी सापडावी म्हणून दिलाय.

कोणी घ्यावा? तुमच्याकडे सोडावं की नाही ह्यावर वाद असेल आणि कोणाकडेच माहिती नसेल तर महिना-दोन महिन्यांसाठी जरूर घ्या, नकाशा टेबलावर ठेवा आणि मग भांडा. निसटायची सवय असलेलं मांजर असेल तर घ्या. तुमचं शंभर मीटर खरंच निवांत असेल, मांजराची नसबंदी आणि लसी झाल्या असतील आणि तुम्ही ते दिवसा सोडून तिन्हीसांजेच्या आत घरात घेत असाल तर त्याला जोड म्हणूनही ठीक आहे. नसबंदी न झालेला बोका असेल तर पट्ट्याचे पैसे आधी ऑपरेशनला द्या, तो मादीच्या मागे कुठवर जाईल ते नकाशावर बघून काही हाती लागणार नाही. आणि पिल्लू किंवा अगदी बारकं मांजर असेल तर डबी गळ्यात मोठी होते, थांबा.

पाचपैकी साडेतीन. अर्धा बक्कलासाठी कापला, अर्धा रस्त्यावरच्या त्या ठिपक्यासाठी, आणि पाव-पाव त्या फटाक्यांसाठी आणि सबस्क्रिप्शनसाठी. सबस्क्रिप्शन आपोआप रिन्यू होतं आणि बंद करायचं बटण ॲपमध्ये नाही, वेबसाईटवर जाऊन, अकाउंट, मग बिलिंग, मग अगदी खाली राखाडी अक्षरात आहे. घेतल्या दिवशीच ते शोधून ठेवा.